वाट पाहून राह्यलो

मोडेमचा हिरवा दिवा तीनदा लुकलुकला, आणि तो लुकलुकायला नको होता. सकाळचे पावणेअकरा वाजले होते, कूलरमध्ये नुकतंच पाणी भरलं होतं, खाली प्लायवूडच्या दुकानात करवत सुरू झाली होती, आणि आफ्रीन हातातला चहाचा कप टेबलावर ठेवायचं विसरून त्या दिव्याकडे बघत राहिली. चाचणी होती ती, नुसती चाचणी. चाचणीत मेसेज खरा जात नाही. गेल्याचं नाटक होतं, नाटक नीट वठलं की हिरवी ओळ येते, आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. गेली चार वर्षं हे नाटक जुन्या मशीनवर रोज पहाटे बिनबोभाट पार पडत होतं. आज तिनं तीच स्क्रिप्ट पहिल्यांदा नव्या मशीनवर चालवली, तर स्क्रीनवर आधी एक तक्रार उमटली, की पंचेचाळिसाव्या ओळीतली खूण आपल्या ओळखीची नाही. आणि तिच्याखाली, काही घडलंच नाही अशा थाटात, दुसरी ओळ आली: गेला. वाट पाहून राह्यलो. मेसेज खरोखरच गेला होता. कुणाला, ते बघायला तिनं फाइल उघडली आणि वरच तिला दहा आकडे दिसले. हे दहा आकडे तिनं स्वतःच्या फोनमधून चार वर्षांपूर्वी काढून टाकले होते. डोक्यातून काढायची सोय नव्हती. नंबर लालसूचा होता, आणि त्याला गेलेला मेसेज होता, जेवली का?

चहा निवला. सुनिलभाऊ, म्हणजे या ऑफिसचे मालक, त्यांच्या काचेच्या खोलीतून कुणाशी तरी फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते, आणि आफ्रीनला वाटलं की आपण काय केलंय ते सगळ्या ऑफिसला दिसत असणार. सगळं ऑफिस म्हणजे सहा माणसं, त्यातली दोन सुट्टीवर. जटपुरा गेटपासून पाच मिनिटांवरच्या या दोन खोल्यांमध्ये त्यांनी मिळून एक साधीशी सिस्टीम उभी केली होती. गडचिरोलीच्या आतल्या गावांमधल्या पोटुशी बायकांना, तान्ह्या बाळांच्या आयांना, तपासणीची आणि लसीची तारीख मेसेजनं कळवायची. एवढंच काम. पण ते चांगलं चाललं, आणि चांगलं चाललेल्या कामाचं जे होतं तेच याचं झालं. पुण्याच्या एका कंपनीनं ते सगळं आपल्याकडे घेतलं. आता ते त्यांच्या मशीनवर चालणार, मेसेज त्यांच्या व्यवस्थेतून जाणार, आणि इथला हा मोडेम, काळ्या साबणाच्या वडीएवढा, त्यातल्या सिमसकट आज संध्याकाळी सहाला निवृत्त होणार. त्याआधी त्याला पुण्याहून आलेल्या नव्या मशीनला जोडून सगळ्या चाचण्या एकदा चालवून बघायच्या, हे आजचं काम. सुनिलभाऊंनी सकाळीच बजावलं होतं की सहाच्या ठोक्याला सिम काढून त्यांच्या हातात द्यायचं, ते बंद करायचा अर्ज भरून ठेवलाय.

चाचण्यांच्या दोनशे बारा स्क्रिप्टा होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लालसूनं, इथं नोकरीला असताना, लिहिलेल्या. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकाखाली एक लिहून दिलेल्या आज्ञा, आणि मशीनच्या आत बसलेला एक दुभाषा त्या वाचून दाखवतो. जुन्या मशीनवरचा दुभाषा मोठा ऐसपैस होता, जरा जास्तीचं, जरा आडवळणाचं बोललं तरी समजून घ्यायचा. नव्यावरचा काटेकोर. ठरलेल्या आज्ञांपलीकडचं त्याला काही कळत नाही, आणि कळलं नाही तर तो थांबतही नाही, कुरकुरतो आणि पुढे जातो. गेले तीन आठवडे आफ्रीन त्याच्यासाठी लालसूची एकेक ओळ साधी करत बसली होती. जिथं जुन्या मशीनवर नुसता मजकूर उमटायचा तिथं नव्यावर त्याच्याआधी एक उपरी खूण उमटायची. एके ठिकाणी मेसेजची लांबी मोजायची होती, नमुना म्हणून लालसूनं आईचं नाव घातलं होतं, सोमारी. आपण ते तीन अक्षरांचं म्हणतो, जुनं मशीन काना-वेलांटी सुटी धरून सहा म्हणायचं, नव्यानं अठरा सांगितले. आणि जागोजागी त्यानं फाइलींचा पत्ता स्वतःच्या नावानं लिहून ठेवलेला, अमुक गोष्ट लालसूच्या घरी मिळेल. नव्या मशीनवर लालसूचं घरच नव्हतं. तिनं ते सगळे पत्ते बदलले, एकोणचाळीस ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी त्याचं नाव पुसताना तिला आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटलं.

अब्बांना तिनं हे काम समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. नूर मोहम्मद शिलाई मशीनची दुरुस्ती करतात, चाळीस वर्षं करतात, त्यांना अर्ध्या वाक्यातच कळलं. ते म्हणाले, एका कंपनीचा स्क्रू दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये दोन वेढे सहज जातो, माणसाला वाटतं बसला, आणि तिसऱ्या वेढ्याला आटे खराब करतो. सहज जाणाऱ्या स्क्रूला भ्यायचं. आज सकाळी तेच झालं. या स्क्रिप्टमध्ये लालसूनं एक प्रश्न घातला होता, ही चाचणी आहे का? असेल तर नाटक, नसेल तर खरा मेसेज. तो प्रश्न त्यानं दुहेरी कंसात लिहिला होता, जुन्या मशीनच्या सवयीनं. नव्या दुभाष्याला दुहेरी कंस माहीतच नाही. त्याला प्रश्नच कळला नाही, म्हणून उत्तर 'हो' आलं नाही, आणि 'हो' आलं नाही म्हणून त्यानं मेसेज पाठवून दिला. एक कंस काढायचा, एक चिन्ह बदलायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. तिनं ते केलं नाही. तिनं स्क्रिप्ट बंदसुद्धा केली नाही. ती खिडकी स्क्रीनच्या कोपऱ्यात तशीच उघडी ठेवून ती पुढच्या फाइलीकडे वळली, आणि दहा मिनिटांनी त्या खिडकीत आणखी एक ओळ आली: वाट पाहून राह्यलो.

ही ओळ लालसूचीच. पलीकडच्या फोनला मेसेज मिळाल्याची पोच येईपर्यंत स्क्रिप्ट थांबते आणि दर दहा मिनिटांनी आपण जिवंत आहोत असं सांगते. दुसऱ्या कुणी तिथं काहीतरी कोरडं लिहिलं असतं. लालसूनं लिहिलं ते त्याच्या बोलण्यातलं. तेव्हा सगळे हसले होते, सुनिलभाऊंनी तर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि तो खिडकीपाशी बसून, खाली मान घालून, आपल्याच हसण्याला आवर घालत राहिला होता. तो हसताना आवाज करत नसे. आफ्रीनला आता त्याचा चेहरा नीट आठवत नाही, हे तिच्या परवाच लक्षात आलं होतं आणि ती घाबरली होती. आठवतात ते हात. टाइप करण्याआधी तो बोटं एकदा टेबलाच्या कडेला पुसायचा, उन्हाळ्यात चंद्रपुरात सगळ्यावरच एक काळसर धूळ बसते, आणि मग एका दमात चार-पाच ओळी लिहून थांबायचा. आईचा फोन आला तर जिन्यात जाऊन गोंडीत बोलायचा. ते बोलणं आफ्रीनला एक शब्दही कळायचं नाही, पण तिला ते ऐकत राहावंसं वाटायचं, कारण त्या भाषेत तो लाजरा नव्हता. तिच्या घरी हिंदी, अम्मीची उर्दू मिसळलेली. मराठी दोघांचीही घराबाहेरची, आणि दोघं एकमेकांशी तीच बोलत. त्यात एक सोय होती. घरच्या भाषेत जे म्हणताना धीर झाला नसता ते त्या भाषेत म्हणता यायचं, आणि म्हटलं नाही तरी चालायचं.

तेव्हा दीड वाजता जेवणाची सुट्टी असायची. टेबलं दोन टोकांना, मधे बाकीचे, आणि एका मुसलमानाच्या मुलीला एका माडिया गावातल्या मुलानं रोज उठून जेवली का विचारावं आणि ते कुणाच्या कानावर न जावं, असं सहा माणसांच्या ऑफिसात होत नाही. म्हणून लालसूनं ही चाचणी लिहिली. कामाची होतीच ती, तिच्यामुळे मोडेम नीट चालतोय हे खरोखरच कळायचं. पण दीडला तो ती हातानं चालवायचा, नाटक बंद ठेवून, आणि आफ्रीनच्या फोनवर ऑफिसच्या नंबरावरून मेसेज यायचा, जेवली का? ती उत्तर मोडेमला द्यायची. मिस कॉल. मोडेम उचलत नाही, वाजतही नाही, नुसता त्याच्या नोंदीत एक शब्द लिहितो, रिंग. फोन एकदा वाजू दिला की एक, दोनदा वाजू दिला की दोन. ही रीत मुळात त्याच्या घरची. त्याच्या गावात रेंज नव्हती, एटापल्लीच्या पुढे दोन नाले ओलांडून गाव, शुक्रवारी आठवडी बाजाराला पायी आलं की बाजाराच्या मैदानात तेवढी रेंज मिळायची. तिथून त्याची आई, सोमारी, त्याला एक रिंग द्यायची. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे फोन कर. आफ्रीन आणि लालसूनं त्यात आपला अर्थ घातला. एक रिंग म्हणजे जेवले. दोन म्हणजे नाही, थांबलेय, तू ये. मग तो डबा घेऊन मागच्या जिन्यात यायचा, पाण्याच्या ड्रमशेजारी, तीही यायची. आंबाडीची भाजी दोघांच्याही घरची, फक्त करायची पद्धत वेगळी, आणि कुणाची चांगली यावर दोन वर्षं वाद चालला. त्या दोन वर्षांत तिनं जवळजवळ रोज दोन रिंगा दिल्या.

बाराच्या सुमारास सुनिलभाऊंनी बाहेर येऊन विचारलं की किती राहिल्या. तिनं सांगितलं, एकवीस. त्यांनी कोपऱ्यातल्या खिडकीकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "हा लालसू अजून वाटच पाहून राह्यला का? ते इंग्रजी करून टाक बाप्पा, पुण्याचे लोक आपल्याले खेडवळ म्हणतीन." ती हो म्हणाली. पुण्याहून आलेल्या यादीत ते होतंच, आणि त्याच्याखाली दुसरं एक होतं. पोच यायची वाट ही सिस्टीम आठ दिवस बघते, असं का? आठ मिनिटं करा. आठ मिनिटांत पोच आली नाही तर नंबर बंद समजावा आणि यादीतून काढावा. सगळीकडे असंच करतात. तिनं ती ओळ शोधली. लालसूनं शेजारी टीप लिहिली होती, बाजार ते बाजार. एवढंच. समजणाऱ्याला पुरे, आणि न समजणाऱ्याला वेड्यासारखं. कालपर्यंत ती हे मुकाट्यानं बदलणार होती. आता तिची नजर कॅलेंडरवर गेली. शुक्रवार होता. एप्रिलचा दुसरा आठवडा, मोहफुलांचा हंगाम, गावातली सगळी माणसं पहाटेपासून जंगलात फुलं वेचायला, आणि दुपारनंतर वाळलेली फुलं घेऊन बाजारात. मेसेज आज पोचेल. पोचलाच तर आजच.

आणि तेव्हाच, इतक्या उशिरा, तिला तो प्रश्न पडला जो सकाळीच पडायला हवा होता. या फाइलीत लालसूचा नंबर आला कुठून? चाचणी तिच्यासाठी होती. नंबर तिचा असायला हवा. प्रत्येक फाइलीचा इतिहास मशीन जपून ठेवतं, कुणी कधी काय बदललं. तिनं तो काढला. पहिल्या दिवसापासून तिचाच नंबर होता, जुना, जो तिनं नंतर बदलला. शेवटचा बदल एकच होता, चार वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातला, लालसूच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. तिचा नंबर काढून त्यानं स्वतःचा घातला होता. नोंदीत लिहिलं होतं, 'नंबर बदलला'. ती साडेपाचलाच निघून गेली होती त्या दिवशी, निरोप टाळायला. म्हणजे ऑफिसात एकटा बसून त्यानं हे केलं, आणि मग ऑफिस बंद करून गेला. मजकूरही तोच राहू दिला, जेवली का, हा आपल्याला येणार आहे हे माहीत असून. तिनं कधीही ही फाइल उघडली असती, आणि नाटक बंद करून एकदा चालवली असती, तर त्याला कळलं असतं. चार वर्षं ती पहाटे चालत राहिली, हिरवी, आणि चालणाऱ्या गोष्टीला या ऑफिसात कुणी हात लावत नाही. तो मात्र दर शुक्रवारी बाजाराच्या मैदानात उभा राहून फोन काढून बघत असेल. एक वर्ष तरी बघितलं असेल. दोन? ती उठून मागच्या जिन्यात गेली.

ड्रम अजून तोच होता, निळा, झाकण तुटलेला. इथंच त्यानं विचारलं होतं. त्याचा बाप त्या वर्षी फेब्रुवारीत वारला, आई एकटी पडली, शिवाय गावच्या ग्रामसभेनं बांबूचं काम स्वतःकडे घेतलं होतं आणि लिहितावाचता, हिशेबी माणूस त्यांना हवा होता. त्याला जायचंच होतं, आणि खरं तर जावंसंही वाटत होतं. दोन महिने तो हे सांगायचं टाळत होता. मग एका दुपारी, डबा संपवून, बोटं चड्डीला पुसावी तशी पँटला पुसून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "येशीन का तू तिकडं?" तिला कळलं होतं. काय विचारतोय, किती दिवसांपासून विचारायचंय, सगळं कळलं होतं. अब्बांना काय सांगायचं, अम्मी काय म्हणेल, त्याच्या गावात सोमारी आपल्याला घरात घेईल का, आपण तिथं कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे सगळं एकदम तिच्या छातीवर चालून आलं, आणि यातलं एकही न सांगता तिच्या तोंडून निघालं, "तिथी तर रेंज बी नाई." आणि ती हसली. तोही हसला, नेहमीसारखा, आवाज न करता. "हव," तो म्हणाला, "ते बी आहेच." मग त्यानं दोघांचेही डबे ड्रमच्या पाण्यानं धुतले. त्यानंतर त्यानं कधीही विचारलं नाही, आणि तिनं कधीही सांगितलं नाही की ते उत्तर नव्हतं, नुसती भीती होती. त्या एका वाक्याचा तिला जितका पस्तावा झाला तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

फोन का नाही केला, हे तिनं स्वतःला हजारदा विचारलं होतं. नंबर पाठ होता. पण फोन करायचा म्हणजे काहीतरी म्हणायचं, आणि म्हणायचं काय? की आता मी यायला तयार आहे? तयार होती का ती? की कसा आहेस? ते तर कुणीही विचारतं. पहिलं वर्ष तिनं त्याच्या फोनची वाट बघण्यात घालवलं, दुसरं रागावण्यात, तिसऱ्या वर्षी नंबर बदलला तेव्हा त्याला कळवलं नाही आणि त्याचं तिला समाधानही वाटलं. नागपूरचं एक स्थळ आलं, वरोऱ्याचं एक आलं, तिनं कामाचं निमित्त सांगितलं. अब्बांनी काही विचारलं नाही. लालसू एकदा गावातलं एक जुनं शिलाई मशीन घेऊन त्यांच्या दुकानी आला होता, तासभर बसला होता, तेल घालायला शिकला होता. नंतर कधीतरी जेवताना अब्बा म्हणाले होते की मुलगा ऐकून घेणारा आहे. बस, तेवढंच. आज मेसेज गेला होता आणि तो तिनं पाठवलेला नव्हता. मशीननं पाठवला, चुकून, एका कंसापायी. याची जबाबदारी तिच्यावर नव्हती, आणि म्हणूनच त्याच्या उत्तराची वाट बघायची तिला मुभा होती. आपण किती भित्रे आहोत हे तिला दिसत होतं. उत्तर यायचं तर याच सिमवर येणार, आणि सिम सहाला निघणार. सहानंतर त्यानं दोन रिंगा दिल्या काय, दोनशे दिल्या काय, त्या ऐकायला जगात कुणी नसणार.

दीड वाजला. डबा पिशवीतून काढून तिनं टेबलावर ठेवला आणि उघडला नाही. भूक होती, पण जेवली का हा प्रश्न अजून वाटेत होता, आणि तो पोचायच्या आधी जेवून घेणं तिला बरं वाटेना. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, करवत थांबली होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. वाट पाहून राह्यलो. ती स्क्रिप्टा दुरुस्त करत राहिली. काटेकोर दुभाष्याचा आता तिला राग येत नव्हता. तो निदान ओळखीचं नाही तर नाही असं सांगतो. ऐसपैस दुभाष्यानं सगळं समजून घेतलं आणि चार वर्षं काही कळूच दिलं नाही. वाट पाहून राह्यलो. अडीच, तीन, साडेतीन. तिच्या डोळ्यांसमोर बाजार येत होता, जो तिनं कधीच बघितला नव्हता. मोहफुलांची पोती, त्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास, जो लालसूच्या पिशवीला यायचा. तो लग्न करून सुखात असेल, मग त्याच्या बायकोनं मेसेज वाचला तर? नंबर दुसऱ्याच कुणाचा झाला असेल तर? पोचच आली नाही तर? या शेवटच्या शक्यतेपाशी तिच्या लक्षात आलं की तो आपल्याला हवा आहे की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही. हवा आहे. हवा होता. बाकीचं सगळं रेंजसारखंच, सबबी.

पाच वाजून एकतीस मिनिटांनी खिडकीत नवी ओळ आली: पोचला. एवढाच शब्द, आणि स्क्रिप्ट संपली. आफ्रीननं दोन्ही हात टेबलाखाली घेऊन एकमेकांत धरले. तो रेंजमध्ये आला होता. आत्ता, या क्षणी, त्याच्या खिशात किंवा हातात ते दोन शब्द होते. तिनं मोडेमची नोंद उघडली, ज्यात तो ऐकलेलं सगळं लिहितो, आणि कोऱ्या ओळीकडे बघत बसली. पाच पस्तीस. पाच चाळीस. तो कुणाचं ओझं उतरवत असेल, फोन नंतर बघेल. वाचून खिशात ठेवला असेल. नंबर ओळखीचा वाटला नसेल, पण हे होणार नाही, हा नंबर तो विसरणार नाही. पावणेसहाला सुनिलभाऊ बाहेर आले, हातात सिम काढायची पिन.

"काऊन, झालं नाई का अजून?"

"झालं भाऊ," ती म्हणाली. "पाच मिनिटं द्या. शेवटचं एक पाहून राह्यली."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पिन टेबलावर ठेवून परत आत गेले. पाच अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. मोडेमचा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला, आणि कोऱ्या ओळीवर शब्द आला.

रिंग.

तिनं मोजायला सुरुवात केली. दुसरी रिंग पाच सेकंदांनी येते, हे तिच्या बोटांना माहीत होतं, दोन वर्षं तिनंच त्या दिल्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. दिवा विझला. सहा. सात. कधीकधी तिकडची लाइन सावकाश चालते, उशिरा येते, दहापर्यंत धरायला हवं. दहा. ती वीसपर्यंत मोजत गेली, मग साठपर्यंत, मग मोजणं सोडून नुसती बघत राहिली. त्या एका शब्दाखाली काही आलं नाही. एक रिंग. सोमारीची रीत धरली तरी आणि त्या दोघांची धरली तरी, अर्थ एकच निघत होता. सगळं ठीक. जेवलो. त्यानं उत्तर दिलं होतं, चार वर्षांनी, लगेच नाही, अठरा मिनिटं विचार करून, आणि खरं उत्तर दिलं होतं. दोन देता आल्या असत्या. त्यानं एक दिली. आफ्रीनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर कुणाला तरी दिसलं असतं.

मग तिनं उरलेलं काम केलं. पंचेचाळिसाव्या ओळीतला दुहेरी कंस काढला, चिन्ह बदललं, चाचणी पुन्हा चालवली. या वेळी दिवा लुकलुकला नाही, नाटक नीट पार पडलं, हिरवी ओळ आली. नंबराच्या जागी तिनं दहा शून्यं घातली. वाट पाहून राह्यलोच्या जागी पुण्याला हवा तो इंग्रजी शब्द लिहिला. आठ दिवसांची ओळ मात्र तिनं तशीच ठेवली, आणि बाजार ते बाजारच्या खाली, न समजणाऱ्यांसाठी, पहिल्यांदा सविस्तर टीप लिहिली. की या गावांत रेंज आठवड्यातून एकदा मिळते. आज सकाळी पावणेअकराला गेलेला मेसेज संध्याकाळी साडेपाचला पोचला आणि त्याला उत्तरही आलं. आठ मिनिटांचा नियम लावला असता तर हे माणूस यादीतून गेलं असतं. कृपया बदलू नये. खाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

सहाला सुनिलभाऊ आले, तिनं पिन टोचून सिम काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं ते सिम, एका कोपऱ्यात घासलेलं. ते म्हणाले, घरी जा आता, चेहरा पाहा कसा उतरला, आणि त्यांची नजर बंद डब्याकडे गेली. "जेवली नाई का तू?"

ते गेल्यावर तिनं डबा उचलला आणि मागच्या जिन्यात जाऊन ड्रमशेजारच्या पायरीवर बसली. ऊन अजून होतं, खाली करवत पुन्हा सुरू झाली होती. झाकण उघडलं तर अम्मीनं आंबाडीची भाजी दिलेली. पोळ्या कडक झाल्या होत्या. तिनं एक घास मोडला, भाजीत बुडवून मऊ केला, आणि सावकाश, एकटीनं, डबा संपेपर्यंत जेवली.